अप्पांच्या फोनची वेळ

कोविडमधून उठलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. चव परत आली का, आणि दम अजून लागतो का. चव आली. दम जिना चढताना लागतो, पण तो वजनामुळे लागतो असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. इस्पितळात पडल्या पडल्या मी कशासाठी झुरत होते, ते मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. मला एक आवाज ऐकायचा होता. तो ऐकायला मिळावा म्हणून मी गोळ्या गिळल्या, पालथी झोपले, नको असलेली खिचडी संपवली.

आजारी माणसापासून काय लपवावं आणि काय सांगावं, हा प्रश्न ज्यांच्या घरात आज आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्याकडे उत्तर आहे असं नाही. झालं ते सांगते.

चुका काढणारा वाचक

मी हुबळी-धारवाडची बातमीदार. आमचं मराठी दैनिक दुसऱ्या गावी छापलं जातं आणि त्यात आमच्या जुळ्या शहरांसाठी एक पान असतं. त्या पानाचं ऑफिस म्हणजे कोप्पीकर रोडवर साड्यांच्या दुकानावरची एक खोली. तिथं मी आणि महांतेश. महांतेश जाहिराती आणतो, फोटो काढतो, वेळ पडली तर बातमीही लिहितो. त्याच्या घरची भाषा कन्नड. माझ्याशी वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडात संपवतो.

माझे वडील वामन गोविंद कुलकर्णी, आमचे अप्पा, धारवाडला सप्तापुरात माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णाकडे राहायचे. हायस्कुलात भूगोल शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मुलीचं नाव वसुधा ठेवण्याइतका त्यांना त्या विषयाचा लळा. निवृत्त झाल्यावर नकाशे सुटले आणि तपासायला माझं पान उरलं. रोज सकाळी चहाबरोबर ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि चूक सापडली की मला फोन करायचे. चूक नसली तर फोन नाही. छान लिहिलंस म्हणायला फोन करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दिशांच्या बाबतीत तर फारच कडक. "काय गं, केलगेरीचा तलाव दक्षिणेला कधी गेला? काल संध्याकाळपर्यंत तर पश्चिमेला होता की." अशी सुरुवात व्हायची. मग बोलणं माझ्या मुलीच्या, ईशाच्या अभ्यासावर यायचं, वहिनीनं केलेल्या आंबोळीवर यायचं, गुडघ्यावर यायचं. आई गेल्यापासून आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे हाच फोन होता.

साथ आली आणि मी त्यांना भेटणं बंद केलं. दिवसभर बाजारात, इस्पितळांच्या दारात, स्मशानाच्या रस्त्यावर फिरणारी बाई मी. त्यांच्याजवळ कशी जाणार? सप्तापुरात गेले तरी फाटकाबाहेर उभी राहायची. अप्पा व्हरांड्यात खुर्चीवर. पेपरावरून रोग येतो असं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून वहिनी पेपराला इस्त्री करून अप्पांच्या हातात द्यायची. कडक घडीचा तो पेपर मांडीवर घेऊन ते फाटकाकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, मास्क जरा खाली कर, तोंड दिसू दे. मी म्हटलं, नको अप्पा, पुढच्या वेळी.

त्या दिवसांत मी पानात अधूनमधून एखादी दिशा मुद्दाम चुकवायला लागले. एखादा तलाव, एखादं देऊळ, थोडंसं इकडेतिकडे. कुणाचं काही बिघडत नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायचा. त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, देव जाणे. एकदा एवढंच म्हणाले, "तुझ्या चुका हल्ली फार सोप्या व्हायला लागल्यात."

निधनवार्ता

आमच्या पानावर एक चौकट असते, निधनवार्तेची. इथली मराठी घरं थोडी आणि विखुरलेली. कुणी गेलं तर बाकीच्यांना कळणार ते त्या चौकटीतून. पूर्वी ती कधीमधी भरायची. दुसऱ्या लाटेत ती पानभर पसरली.

बातम्या माझ्या मोबाइलवर येत. फोनात दोन सिम. एक घरच्यांसाठी आणि एक जुनं, पानावर छापलेलं, सगळ्या गावाला माहीत असलेलं. अप्पांनाही तोच जुना नंबर पाठ होता, नवा त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवला नाही. धारवाडच्या बहुतेक निधनवार्ता सांगायचे ते जोशीकाका, तिथल्या मराठी मंडळाचे कार्यवाह, अप्पांचे शेजारी आणि दोस्त. कानानं मंद, हल्ली तपशिलातही घसरतात. समोरच्याच्या 'हॅलो'ची ते वाट बघत नाहीत, थेट "लिहून घे" म्हणून सुरू होतात. सांगून झालं की म्हणतात, "वाच." सांगणाऱ्याला लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, ही मला अप्पांनी लावलेली सवय. गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर तो काही दुरुस्त करायला येत नाही, असं ते म्हणायचे.

त्या दिवसांत मी दिवसभर लोकांची वडीलमाणसं लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची. पलीकडून हुंदका आला की थांबायची, मग पुढची ओळ. घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत वेगळी झोपायची. ईशा दाराशी ताट ठेवून जायची. तिनं एकदा विचारलं, तुला आम्ही जास्त की पान? मला राग आला आणि ती काही चुकीचं विचारत नव्हती हेही कळत होतं.

रिपोर्ट

तपासणीला लागलेल्या रांगांवर बातमी लिहीत असताना माझाच रिपोर्ट मोबाइलवर आला. पॉझिटिव्ह. मी आधी बातमी पूर्ण करून पाठवली आणि मग नवऱ्याला, सतीशला फोन केला. तो गोकुळ रोडवरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये होता. शेजारपाजारच्या वर्कशॉपवाल्यांनी वेल्डिंगचे ऑक्सिजन सिलिंडर इस्पितळांसाठी देऊन टाकले होते, त्यात त्याचेही होते. त्यामुळे काम बंद आणि तो नुसता बसून. वर्षभर मला बाहेर जाऊ नको म्हणून सांगणारा माणूस, पण त्या दिवशी एका शब्दानं बोलला नाही. "बॅग भर, मी आलो," एवढंच म्हणाला.

भीती सांगायची तर ती इस्पितळाच्या दारात वाटली. सतीशला तिथंच थांबवलं आणि मला खुर्चीवर बसवून आत नेलं. मी मागं वळून बघितलं तर त्याचा हात अजून वर होता. रोज दुसऱ्यांचे असे निरोप मी लांबून बघत होते आणि त्यांच्या बातम्या करत होते. त्यातलं नेमकं काय लिहायचं राहून जात होतं, ते त्या दारात कळलं.

वॉर्ड

तिथं दिवस सुरू व्हायचा तो बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून. नर्सबाई पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत बंद, फक्त डोळे दिसायचे. तिच्या छातीवर स्केचपेननं तिचं नाव लिहिलेलं असे, नाहीतर कोण कोण ते ओळखणं मुश्कील. "ऊटा आतेन्री अक्का?" जेवण झालं का, हा तिचा ठरलेला प्रश्न. पहिल्या दिवसांत मला उत्तर देता यायचं नाही. ऑक्सिजनचा मास्क, आणि काढला तरी घशातून फक्त घरघर. मी मान हलवायची. ती माझ्या पायावरचं पांघरूण नीट करून पुढं जायची. अंगाला लागणारा तेवढाच एक हात होता आणि मी रोज त्याची वाट बघायची.

दाखल होतानाच मी जुना नंबर महांतेशकडे वळवला होता, म्हणजे त्यावर येणारे सगळे फोन आपोआप त्याच्याकडे जात. "मी बघतो अक्का, नीवु आराम माडरी," तुम्ही आराम करा, असं तो म्हणाला होता. पान तो सांभाळत होता. वॉर्डात पेपर येत नसे. घरच्या सिमवर सतीश बोलायचा, ईशा बोलायची. तिनं माझा कपाटातला स्वेटर अंगात घातल्याचं सांगितलं, तेव्हा मला फार रडू आलं.

अप्पा मात्र बोलत नव्हते.

अण्णानं आधी सांगितलं, त्यांना जरा ताप आहे. मग सांगितलं, झोपलेत. मग घसा बसलाय, मग डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. मी बातमीदार. माणूस टाळतोय हे मला पहिल्या वाक्याला कळतं, आणि उपप्रश्न विचारून समोरच्याला भंडावण्याबद्दल माझी ख्याती आहे. अण्णाला मी एकही उपप्रश्न विचारला नाही. बरं, उठल्यावर सांग, एवढं कसंबसं म्हणायची आणि फोन ठेवायची.

वळवलेला नंबर

पडल्या पडल्या मी मनाशी एक हिशेब मांडला. अप्पांना पाठ जुनाच नंबर. तो महांतेशकडे वळवलेला. म्हणजे अप्पा फोन करत असतील आणि तो महांतेश उचलत असेल. आपल्याला हवी तशी कारणं जुळवायला आजारी माणसाला वेळच वेळ असतो.

मी महांतेशला विचारलं, अप्पांचा फोन येतो का? त्यानं आधी मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाला, हां अक्का, आला होता की. काय म्हणाले? "चूक सांगितली, अक्का. उणकल तलावाची दिशा चुकली म्हणाले सर."

मला इतका आनंद झाला की नर्सबाईनं येऊन विचारलं काय झालं म्हणून. अप्पा पान वाचतात, चुका काढतात, म्हणजे सगळं ठीक आहे. त्या दिवशी मी पूर्ण जेवले. मास्क निघून नाकातली नळी आली होती. आवाज अजून नीट फुटलेला नव्हता, चिरका आणि घोगरा, बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा. पण अप्पांपुढं मला बोलायचं कुठं होतं? मला ऐकायचं होतं. मी कुणाला न सांगता जुना नंबर परत माझ्याकडे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन छातीवर ठेवून पडले. चहाची किटली आली आणि गेली. खिडकीत ऊन आलं. अप्पांच्या फोनची वेळ झाली आणि फोन वाजला.

लिहून घे

नाव दिसलं ते जोशीकाकांचं. जरा हिरमोड झाला, पण सप्तापुरातून तर आला होता. अप्पांचं कसं आहे ते काका सांगतील म्हणून मी उचलला. बोलायला गेले आणि खोकला आला. काकांना तो ऐकू गेला नसावा.

"महांतेश, लिहून घे."

इतके दिवस या नंबरावर त्यांच्याशी महांतेशच बोलत होता. मी महांतेश नाही हे सांगायला श्वास गोळा करत होते आणि तोवर त्यांनी सुरुवात केली. माझ्या हातानं सवयीनं पेन घेतलं. गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू कोरी होती.

"सप्तापूर, धारवाड येथील रहिवासी, इतिहासाचे निवृत्त शिक्षक..."

अप्पांच्या शाळेत इतिहास शिकवणारे एक सर आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. मला त्यांचं वाईट वाटलं. अप्पांना कळलं असेल का, कळलं तर ते मनाला किती लावून घेतील, असा विचार करत मी लिहीत होते.

"...वामन गोविंद कुलकर्णी, वय एक्क्याऐंशी."

तेही मी लिहिलं. लोकांना हे खरं वाटत नाही, पण हात थांबला नाही. यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, मुलगी, जावई व नातवंडे असा परिवार आहे. असल्या ओळी त्या महिन्यात इतक्या लिहिल्या होत्या की हाताला त्या पाठ झाल्या होत्या.

काका पुढं बोलत होते. वसुधाला यातलं काही कळू द्यायचं नाही, अण्णाची सक्त ताकीद आहे. पण मंडळाचा सर्वांत जुना सभासद जातो आणि पेपरात एक ओळ येत नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. वसुधाला तिथं पेपर मिळत नाही याची त्यांनी चौकशी करून ठेवली होती. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, "वाच."

मी वाचलं. नाकात नळी, घशात घरघर, एकेक शब्द सुटा करून. नाव वाचलं, वय वाचलं. मुलगा, सून इथपर्यंत वाचलं. पुढचा शब्द मला वाचता येईना.

"कोण बोलतंय?" काकांनी विचारलं.

"मी वसुधा, काका."

पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकू आलं. बाळ, मला वाटलं महांतेश, असं काहीतरी ते म्हणत राहिले. त्यांना कसं सावरावं ते मला समजेना. शेवटी रोज विचारते तेच विचारलं.

"नाव बरोबर आहे ना काका?"

"बरोबर आहे."

"वय?"

"बरोबर आहे गं."

विषयाचं मी विचारलं नाही.

मग

अण्णाला मी फोन केला. काही बोलायच्या आत त्यानं माझ्या श्वासावरून ओळखलं. तो माझ्यापेक्षा मोठा, बापासारखा वागणारा, आणि त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. मी मास्कवर होते तेव्हाच अप्पा गेले होते. कोरोनानंच. कुणी कुणाला दिला याचा हिशेब आमच्या घरात पुष्कळ दिवस मनातल्या मनात चालला. मी तो आता सोडून दिला आहे. अण्णा म्हणाला, डॉक्टर म्हणत होते धक्का बसू देऊ नका. मग तुला सांगून तुलाही घालवू काय?

मी त्याच्यावर रागावले नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण लपवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की आजारी माणूस वाट बघत पडलेला असतो. महांतेशच्या खोट्या फोनवर मी एक पूर्ण दिवस आनंदात काढला. तो दिवस खोटा होता तरी मला तो नको होता असं म्हणवत नाही. त्यानं नंतर माफी मागितली, तेव्हा मी त्याला हेच सांगितलं.

अण्णाला एकच विचारलं. ताप यायच्या आधी अप्पांनी मला फोन का केला नाही?

"करणार होते," अण्णा म्हणाला. "रोज पान घेऊन बसायचे. चूक शोधायचे. महांतेशनं एक दिशा चुकवली नाही बघ. मी म्हटलं, अप्पा, नुसताच करा की फोन. तर म्हणाले, ती आजारी आहे, काही कारण नसताना कशाला त्रास द्यायचा?"

आजवर मी बऱ्याच गोष्टी पचवल्या, पण हे वाक्य अजून पचलेलं नाही. माझे अप्पा माझ्याशी बोलण्यासाठी चूक शोधत बसले होते आणि ती करायला मी जागेवर नव्हते.

पाकिटावरचा मजकूर मी मोबाइलवर टाइप करून महांतेशला पाठवला. लगेच त्याचा फोन. हळू आवाजात म्हणाला, "अक्का, सर भूगोलाचे ना? जोशीकाकांनी इतिहास सांगितलंय. बदलतो मी."

"राहू दे," मी म्हटलं. "तसंच जाऊ दे."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. "हौदरी अक्का," हो अक्का, एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी उठून बसले. फोनचा आवाज होता तेवढा वाढवला. नर्सबाईनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, बरा आहे म्हणाली आणि पांघरूण नीट करून पुढं गेली. सप्तापुरात पेपर पडायची वेळ झाली. वहिनीच्या इस्त्रीची वेळ झाली. चहाची वेळ झाली. भूगोलाच्या मास्तरला इतिहासाचा म्हणून छापला होता, तोही त्याच्या स्वतःच्या मुलीच्या पानावर. एवढी ढळढळीत चूक अप्पांनी जन्मात कधी सोडली नव्हती. मी फोन हातात धरून वाट बघत बसले.